मान छातीला, बाम डोक्याला

मराठी घरात 'छातीत दुखतंय' असं कोणी नुसतं पुटपुटलं तरी सगळी यंत्रणा हलते. टीव्ही बंद होतो, गाडीची किल्ली शोधली जाते, मेडिक्लेमची फाइल कुठल्या कपाटात आहे यावरून उभ्याउभ्या भांडण होतं, आणि पार्किंगवरून ज्यांच्याशी वर्षभर अबोला आहे ते शेजारीसुद्धा बनियनवर धावत येऊन 'सॉर्बिट्रेट आहे का घरात?' म्हणून विचारतात. 'डोकं दुखतंय' म्हटलं, तर पेपरातून मान वर न काढता उत्तर येतं, "बाम फ्रिजवर आहे."

बामावर माझा राग नाही. अमृतांजनाचा तर जन्मच मुंबईतला. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी 1893 साली ते इथे सुरू केलं. खंडाळ्याच्या घाटातल्या इंग्रजी अमदानीतल्या पुलाला लोक त्याच्या जाहिरातीवरून अमृतांजन पूल म्हणायला लागले. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीने रस्ता ओस पडल्याची संधी साधून तो पाडला, तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं किती हळहळली! डोकेदुखीच्या औषधाच्या जाहिरातीवरून नाव पडलेल्या पुलासाठी हळहळणारी ही माणसं डोकेदुखीसाठी हळहळताना मात्र दिसत नाहीत. त्यातून डोकं बाईचं असेल तर नाहीच.

आणि अर्धशिशीचं डोकं बहुतेक वेळा बाईचंच असतं. पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायकांना ती होते. वयात येईपर्यंत मुलगे-मुली साधारण सारखेच. पाळी सुरू झाली की फरक पडायला लागतो. पाळी जायच्या सुमारास ती आधी धिंगाणा घालते आणि मग बऱ्याच जणींचा नाद सोडते. यात इस्ट्रोजेनच्या चढउताराचा मोठा हात. आपल्या सुश्रुतसंहितेत अर्धं डोकं फोडणारा अर्धावभेदक आहे, उन्हाबरोबर चढून उन्हाबरोबर उतरणारा सूर्यावर्तही आहे; पण घरगुती निदानशास्त्र सुश्रुताला विचारत नाही. केस ओले बांधलेस. चहा घेतला नाहीस. चहा फार घेतेस. उन्हातून आलीस. मोबाइल बघत बसतेस. आणि या सगळ्यांचा बाप: "तू टेन्शन फार घेतेस." हे सांगणारा ज्या टेन्शनबद्दल बोलत असतो, ते पुष्कळदा तो स्वतःच असतो.

आमच्या सासूबाईंचा उपाय म्हणजे सूर्योदयाच्या आत दूध-जिलेबी. जिलेबी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी लागे आणि ती पहाटेपर्यंत शिल्लक राहावी म्हणून डब्यावर 'औषध आहे' अशी चिठ्ठी चिकटवावी लागे. चिठ्ठीचा उपयोग होत नसे, कारण त्या दिवशी घरात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागे. दुखणं काही गेलं नाही. पण त्या उपायाविरुद्ध मी आजवर एक शब्द काढलेला नाही.

सगळ्यात जास्त संशय येतो तो दुखण्याच्या वेळेचा. "बरं नेमकं पाहुणे यायच्या दिवशी दुखतं हिचं!" हे निरीक्षण अगदी अचूक आहे. अर्धशिशीला काय काय लागतं ते पाहा: झोपेचं खोबरं, जेवणाची टळलेली वेळ, पाणी कमी, उग्र वास, लखलखाट, गोंगाट. आता हरतालिकेपासून गौरी जाईपर्यंतचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दिवशी पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उकडीचे मोदक. घरात धूप, कापूर, अगरबत्ती, दारात ढोल, मखराला दिव्यांची माळ, जिला आठ तऱ्हांनी लुकलुकायचं बटण आहे आणि ते कोणाचा तरी मुलगा सतत दाबतोय. गौरी जेवायच्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सवाष्ण, वाढप, आणि वाढणारीचं स्वतःचं ताट दुपारी साडेतीनला. अर्धशिशी तयार करायचा कारखाना काढायचा कोणी ठरवलं असतं, तर यात सुधारणा करायला जागा सापडली नसती. बाई निमित्त काढत नाही. निमित्तं तिला शोधत आलेली असतात.

माझी अर्धशिशी आगाऊ वर्दी देऊन येते. तांदूळ निवडत असते. ताटात खडा दिसतो, बोट तिकडे जातं, आणि बोटाचं टोकच नाहीसं होतं. अंधार नाही, धुरकट नाही. तिथे काहीच नाही, आणि ते नसणंही लगेच ध्यानात येत नाही. मग त्या नसण्याच्या कडेला एक बारीक, कोनाकोनांची रेघ लुकलुकायला लागते. ती वाढत वाढत कमान होते आणि डावीकडे सरकत जाते. डोळे मिटले तरी दिसतेच. वीस-पंचवीस मिनिटांत ती नजरेच्या कडेवरून पलीकडे उतरते, ताटातले खडे परत दिसायला लागतात, आणि उजव्या कानशिलामागे पहिला ठणका बसतो.

याला डॉक्टर ऑरा म्हणतात. अर्धशिशीवाल्यांत तिघा-चौघांमागे एकाला तो असतो. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने 1870 मध्ये स्वतःचा ऑरा चित्रं काढून छापला. त्याला त्या रेघा शहराच्या तटबंदीसारख्या दिसल्या होत्या. त्याचे वडील ग्रीनिचच्या वेधशाळेचे प्रमुख, राजखगोलशास्त्रज्ञ. त्यांनाही हेच दिसायचं. आभाळाकडे बघण्यात जन्म गेलेल्या माणसाला डोक्याच्या आतून तारे दिसावेत, हा मला फार मोठा न्याय वाटतो. पुढे 1941 मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्याच ऑराच्या सरकण्यावरून हिशोब मांडला: मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगाने पुढे जात असलं पाहिजे. 1944 मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूत तशी लाट प्रत्यक्ष नोंदवली. मिनिटाला 3 मिलिमीटर. आमच्या सोसायटीच्या टाकीचं काम साधारण याच घाईने चाललंय.

ऑराबद्दल एवढं सांगायचं कारण, हृदयाची वाट इथूनच फुटते.

तिची सुरुवात मात्र पुरुषांपासून. ॲस्पिरिनने हार्ट अटॅक टळतो का हे बघायला 1980 च्या दशकात अमेरिकेत 22,071 डॉक्टर घेतले. बावीस हजार एकाहत्तर, आणि त्यात बाई एकही नाही. वरचे बावीस हजार ठीक आहे, पण त्या शेवटच्या एकाहत्तरांत तरी दोन-चार बसल्या असत्या. 1991 मध्ये बर्नाडिन हीली यांनी यावर कोरडे ओढले. त्या स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या बाई. त्यांचं म्हणणं असं, की आपलं हृदय पुरुषासारखंच आजारी आहे हे बाईने सिद्ध केल्याशिवाय तिला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं येंटलचं. येंटल ही आयझॅक बशेव्हिस सिंगर यांच्या कथेतली मुलगी. शिकायला मिळावं म्हणून ती मुलाचे कपडे घालते. बायकांच्या हार्ट अटॅकमध्येही बहुतेकदा छातीत कळ येते, पण जोडीला दम लागणं, मळमळ, पाठीत नाहीतर जबड्यात दुखणं, कमालीचा थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतं. ही यादी मी घरात वाचून दाखवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर रोजचंच आहे. यात अटॅक कुठला ओळखायचा?" हृदयरोगशास्त्राला पडलेला प्रश्न त्यांनी एका वाक्यात मांडला.

यथावकाश बायकांचाही अभ्यास निघाला. बोस्टनहून चाललेल्या विमेन्स हेल्थ स्टडीत आरोग्यसेवेत काम करणाऱ्या, पंचेचाळिशी गाठलेल्या 39,876 बायका होत्या. तपासायचं होतं ॲस्पिरिन आणि ई जीवनसत्त्व, पण प्रश्नावलीत डोकेदुखीही विचारली होती. ती विचारायचं ज्याला कोणाला सुचलं त्याला माझ्यातर्फे एक किलो जिलेबी. टोबियास कुर्थ आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या 27,840 जणींची सरासरी दहा वर्षांची माहिती 2006 मध्ये मांडली. ज्यांना ऑरासकट अर्धशिशी चालू होती, त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि या आजारांनी मृत्यू यांचं प्रमाण अर्धशिशी कधीच नसलेल्यांच्या दुपटीहून थोडं अधिक निघालं. ऑरा नसलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. मग 2016 मध्ये 1,15,541 अमेरिकन परिचारिकांच्या, वीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या पाहणीत, अर्धशिशीचं निदान झालेल्यांचा धोका सुमारे दीडपट आला. तिथे ऑरा आहे की नाही हे वेगळं काढलेलं नव्हतं.

ही माहिती मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहीर केली. 'दुप्पट' ऐकल्यावर यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या डोकेदुखीसाठी घास खाली ठेवला गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. मला फार बरं वाटलं, म्हणून पुढची ओळ वाचायला मी जरा वेळ लावला. पुढची ओळ अशी, की ही दुप्पट म्हणजे ऑरावाल्या दर 10,000 बायकांमागे वर्षाला 18 घटना जास्त. हळदीकुंकवाला दहा हजार ऑरावाल्या बोलावल्या (वाण काय लुटायचं ते नंतर बघू), तर वर्षभरात अठरा जणींवर हे जादाचं संकट. बाकीच्या नऊ हजार नऊशे ब्याऐंशींना जादा काही नाही, नुसतीच डोकेदुखी. यांनी घास उचलला आणि आमटी मागितली.

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो. घाबरवायचं असेल त्याने दुप्पट म्हणावं, झटकून टाकायचं असेल त्याने अठरा म्हणावं. मी परिस्थिती पाहून वापरते. भांडी घासायची असतील तर दुप्पट.

शिवाय अर्धशिशी आणि हृदयाचा आजार एकत्र आढळतात म्हणून एकीने दुसरा होतो, असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं काम बिघडत असेल, रक्त जरा लवकर गोठत असेल, असे तर्क आहेत. जनुकांनी तर कमालच केली: सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा जो प्रकार अर्धशिशीचा धोका वाढवतो, तोच हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा धोका कमी करतो. म्हणजे एकाच तोंडाने माहेरचीही बाजू आणि सासरचीही.

सगळ्यात रंगतदार कथा भोकाची. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये झडपेसारखी एक फट असते. जन्मल्यावर ती बुजते, पण चारांतल्या एकाची पुरती बुजत नाही. ऑरावाल्यांत अशी फट जास्त जणांत सापडते. दुसऱ्या कारणांसाठी ती बुजवलेल्या काही जणांनी सांगितलं, की आमची अर्धशिशी गेली. मग काय, ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली. 147 रुग्ण. काहींच्या हृदयात छत्रीसारखं उपकरण बसवलं. उरलेल्यांना भूल दिली, जांघेत छेद घेतला आणि काहीच बसवलं नाही. 2008 मध्ये निकाल आला: उपकरण बसवलेल्या 74 जणांपैकी तिघांची डोकेदुखी थांबली, न बसवलेल्या 73 जणांपैकीही तिघांचीच. चाचणीतल्या माहितीवर शंका घेणाऱ्या पीटर विल्म्सहर्स्ट या हृदयरोगतज्ज्ञावर उपकरणाच्या अमेरिकन कंपनीने बदनामीचा दावा लावला आणि तो 2011 मध्ये कंपनीच बुडेपर्यंत चालला. रुग्णांची डोकी होती तिथेच राहिली. वर वकिलांची चांगली सोय झाली.

हृदयाच्या खात्यातून डोक्याला खरोखर काही मिळालं असेल, तर ते एका गोळीच्या रूपाने. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधलं ते अंजायनासाठी, आणि 1988 चं नोबेल मिळवलं. अंजायनासाठी ते घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशी थांबली, अशी नोंद 1966 मध्येच छापून आली. तेव्हापासून ही हृदयाची गोळी डोक्यासाठी दिली जाते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला ती सुरू केली. केमिस्टने पट्टी काढता काढता गंभीर आवाजात विचारलं, "वहिनी, हार्टचा त्रास कधीपासून?" हे मागे उभे होते. त्या संध्याकाळी कपडे यांनी वाळत घातले. सासूबाईंनी नणंदेला फोनवर सांगितलं, "हिला हार्टच्या गोळ्या चालू आहेत." मी खुलासा करणार होते. मग म्हटलं, आठवडाभर राहू दे. आठवडा पुढे पुष्कळ लांबला. गोळीचाही गुण आलाच. पण कपड्यांचा गुण आधी आला.

ब्रिटनमध्ये हृदयाचा धोका मोजायचं क्यूरिस्क नावाचं एक कोष्टक डॉक्टर वापरतात. 2017 च्या सुधारित आवृत्तीत त्यात मायग्रेनसाठी चौकोन आला. मी ज्या प्रयोगशाळेत दरवर्षी फुल बॉडी चेकअप करते, तिथल्या फॉर्मवर तंबाखू, मद्य, मिश्री, गुटखा, शेवटच्या पाळीची तारीख आणि वडिलांच्या मृत्यूचं कारण एवढ्या चौकश्या आहेत. डोकेदुखी नाही. मी ती 'इतर' या रकान्यात लिहिली. काउंटरवरच्या मुलीने वाचून विचारलं, "हे आत्ता दुखतंय का? क्रोसिन देऊ?"

चौकोन महत्त्वाचा का, ते पुतणीमुळे कळलं. ती बंगळुरूला कंपनीत आहे. एका रात्री तिचा फोन आला.

"काकू, तुला ते चमचमतं ना, तसं मला आज मीटिंगमध्ये दिसलं. समोरच्या माणसाचं अर्धं तोंडच गायब."

"मग दुखलं का?"

"खूप. पण अर्धं तोंड गायब होतं तेवढा वेळ तो मॅनेजर बरा वाटला गं."

"गोळ्या कसल्या चालू आहेत तुला?"

"पीसीओडीच्या. पाळी नियमित यायच्या."

त्या गोळ्या म्हणजे इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, ज्या आपल्याकडे पाळीसाठी मुलींना सर्रास दिल्या जातात. ऑरा असलेल्या बाईने त्या घेऊ नयेत, वय काहीही असो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत आहे. कारण ऑरा आणि इस्ट्रोजेन एकत्र आले की पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि जोडीला सिगारेट असेल तर आणखीच. मी तिला दुसऱ्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पिटाळलं. त्यांनी गोळी बदलली आणि विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "डोकं दुखतं हे काय डॉक्टरांना सांगायचं?" संस्कार दुसरं काय असतं!

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, की घरात आणखी कोणाला आहे का. ती मुलगी पद्धतशीर. तिने फॅमिली ग्रुपवर टाकलं: 'डोकं दुखायच्या आधी कोणाकोणाला चमचमतं? खरं सांगा.' सुप्रभातचे तीन गुलाब मधे येऊन गेले आणि मग सासूबाईंचा आवाजी मेसेज आला. "मला दिसायचं की. तरुणपणी. मी समजायची देवीचं काहीतरी आहे. कोणाला सांगितलं नाही, सांगितल्याने जातं म्हणतात." बाराव्या शतकातल्या जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची मठवासिनी होऊन गेली, तिच्या दिव्य दर्शनांमागेही अर्धशिशी असावी, असं पुढच्या काही अभ्यासकांनी म्हटलंय. तिने दर्शनांवर ग्रंथ लिहिले. सासूबाईंनी मंगळवार धरले.

मग थोरले दीर बोलते झाले, म्हणजे पुतणीचे वडील. त्यांनाही अनेक वर्षं चमचमत होतं. त्यांचं निदान ट्यूबलाइट हे होतं. त्यांनी चोक बदलला, स्टार्टर बदलला, पट्टी बदलली, शेवटी इलेक्ट्रिशियनशी भांडण करून नवं वायरिंग घातलं. आणि एकदा भर दुपारी शेतात चमचमलं तेव्हा महावितरणवर ठपका ठेवून मोकळे झाले.

त्या वर्षी गौरीला सगळे एकत्र होतो. पुतणी बंगळुरूहून बीपीचं मशीन घेऊन आली होती. तिचं म्हणणं, ऑरा काही आपल्या हातात नाही, पण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे तरी बघता येतं. दुपारी पानं उठल्यावर तिने सतरंजीवर दवाखाना थाटला. सासूबाईंनी 'मला काय झालंय' म्हणत पहिला हात पुढे केला. 124 आणि 76. तो आकडा त्यांनी आल्यागेल्या प्रत्येक सवाष्णीला कुंकवाबरोबर ऐकवला. माझं बरं निघालं, जावेचं जरा वर. यांचं पुरणपोळीनंतर मोजायचं नाही असं यांचं म्हणणं पडलं. ते उद्यावर गेलं.

भाऊजींचं 158 आणि 96 आलं. पुतणीने पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. 156. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी दंडाची पट्टी सोडली, मशीन उलटं करून मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "सेल उतरलेत याचे." मग पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात नवे आणायला निघाले.